मंदावलेले मन आणि आपला निवाडा

वागणुकीचा दोष माणसाच्या पदरी कधी घालावा आणि कधी घालू नये, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. ज्या घरी कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, मुक्कामाला येतो, तेथे हा प्रश्न रोजचाच होऊन बसतो. ‘हल्ली फार हट्टी झाले आहेत’, ‘कशात मनच घालत नाहीत’, ‘विचारले तर उत्तर देत नाहीत’, हे उद्गार आपल्या परिचयाचे आहेत. हे सारे निवाडेच होत. परंतु ते देण्यापूर्वी पुरावा तपासला जातो काय?

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा रुग्णाची बुद्धी अबाधित राहते असे त्यांचे मत होते. पुढे फ्रेंच वैद्य शार्को यांनी त्याविषयी मतभेद नोंदवला, आणि आजचे वैद्यक शार्कोंच्या बाजूचे आहे. या आजारात मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी झिजतात. हे द्रव्य जसे हालचालीला लागते, तसेच उमेदीलाही लागते. म्हणून खिन्नता ही केवळ आजाराच्या दुःखातून येते असे नाही. ती आजाराचाच भाग असू शकते, आणि कित्येकांना तर हात थरथरण्याच्या आधीच गाठते. विचारांची गती मंदावते, कामाची आखणी जड जाते. काहींना उत्तरकाळी स्मृतिभ्रंशही होतो. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे आनंद झाला तरी तो दिसत नाही, आणि आपण त्याला बेपर्वाई समजतो.

एका विषयावरून दुसऱ्याकडे लक्ष वळवणेही या रुग्णांना कठीण होते. आमच्या आदिलाबादेत घरी मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात हिंदी-उर्दू, असा व्यवहार आयुष्यभर सहज चालतो. अशा माणसाची जीभ एखाद्या दिवशी दोन भाषांच्या मध्ये थबकली, तर तो घुम्मा झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. शासकीय सेवेत आम्ही सहीचे नमुने पुष्कळ पडताळले. या आजारात अक्षर बारीक होत जाते. नमुन्याशी सही जुळत नाही, पण सही करणारा मात्र तोच असतो.

प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. या आजारावरील काही औषधांमुळे एखाद्या संयमी माणसाला जुगाराचा वा बेसुमार खर्चाचा नाद लागतो आणि औषध बदलल्यावर तो ओसरतो. मग सारेच मेंदूतील रसायनांचे म्हणावे, आणि माणसाला निर्णयाचा अधिकारच नाही असे ठरवावे काय? तसे आम्हांस वाटत नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९९६ साली महाराष्ट्रभूषण पुरस्कार स्वीकारताना सत्ताधाऱ्यांच्या ठोकशाहीविषयी नापसंती व्यक्त केली. त्या वेळी शरीर कंपवाताने जर्जर होते, विवेक मात्र जागा होता. १२ जून २००० रोजी त्यांचे निधन झाले. तथापि हे उदाहरण दुसऱ्या रुग्णाला टोचण्यासाठी वापरू नये. ज्याची बुद्धी वा उमेद आजाराने हिरावली, तो धैर्यात उणा ठरत नाही.

तेव्हा आमच्या मते, दोष देणे जसे चुकीचे, तसेच रुग्णाच्या डोक्यावरून परस्पर निर्णय घेणेही चुकीचे. प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. नागपूर वा हैदराबादला तज्ज्ञाकडे जाताना थरथर सांगितली जाते, झोप आणि उदासी मात्र सांगायची राहून जाते. तीही सांगावी, कारण उदासीवर उपचार आहेत. औषधाने आणि समुपदेशनाने ती पुष्कळदा हलकी होते. आजाराने रुग्णाचा वेग कमी केला आहे. त्याला लागणारा वेळ देणे मात्र आपल्या हाती आहे, आणि तेवढे तरी आपले कर्तव्य आहे.