उरलेले दोघे

खडेबाजारातून कँपाच्या बाजूला पहाटे फिरायला जाणाऱ्यांना मराठा सेंटरच्या रंगरुटांची धावती रांग काही नवी नाही. १९२२ सालापासून पलटणीचे हे शिक्षणकेंद्र आपल्या गावात आहे. मामा, काका, आजोबा यांपैकी कुणीच पलटणीत नव्हते अशी घरे आपल्याकडे मोजकीच निघतील. म्हणून दर जुलैत, शाळा जरा स्थिरावली की, नववीच्या वर्गाला मी नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट सांगतो.

घाडगे माणगाव तालुक्यातले, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनने जर्मन ठाण्यावर हल्ला केला. घाडग्यांची तुकडी मशीनगनच्या तोंडी सापडली आणि ते स्वतः सोडून एकूणएक माणूस मेला किंवा जायबंदी झाला. वय बावीस. ते एकटेच पुढे धावले. त्यांनी हातबाँब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना छातीत आणि पाठीत टिपले. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

वाचकांच्या लक्षात आले असेल, मी मधले एक वाक्य गाळले आहे. वर्गातही मी ते वर्षानुवर्षे गाळत होतो. ‘उरलेल्या शत्रूंचा निःपात केला’ असे म्हणून पुढे जात असे. निःपात हा शब्द फार सोयीचा आहे, त्यात रक्त दिसत नाही. मानपत्रात मात्र स्पष्ट लिहिले आहे की काडतुसांचे मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून घाडग्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिने ठेचून मारले.

पाच-सहा वर्षांपूर्वी एकदा मी ते जसेच्या तसे सांगितले. वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘सर, ते दोघे कोण होते?’

‘शत्रू,’ मी म्हणालो आणि फळ्याकडे वळलो.

उत्तर चुकीचे नव्हते, पण ते द्यायला मी जी घाई केली ती मला अजून टोचते. आयुष्यभर मुलांना ‘प्रश्न विचारा’ म्हणून सांगितले आणि खरा प्रश्न आला तेव्हा खडू शोधत बसलो.

घाडग्यांनी दुसरे काय करायला हवे होते, असे कुणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. ते थांबले असते तर मशीनगन पुन्हा सुरू झाली असती आणि मागचे जखमी सोबती मेले असते. त्यांच्या हातून अधर्म घडला असे मी मुळीच म्हणत नाही. ते युद्ध इंग्रजांचे होते, त्याच दिवसांत साताऱ्याकडे पत्री सरकार त्याच इंग्रजांशी झुंजत होते, हा आक्षेपही मला ठाऊक आहे. पण टायबरच्या काठी मशीनगनसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या पराक्रमाला त्याने उणेपणा येत नाही. माझी अडचण वेगळी आहे. दुसरा मार्ग नव्हता म्हणून केलेली गोष्ट सांगताना वगळायचीही मुभा मिळते काय?

त्याच युद्धात कॅनडाहून आलेली एकोणीस-वीस वर्षांची मुले रात्री बाँबर विमानांतून जर्मनीवर जात. इंग्रजांच्या बॉम्बर कमांडचे ५५ हजारांवर लोक मेले, त्यांत सुमारे १० हजार कॅनडाचे. १९४३ च्या जुलैत हॅम्बुर्ग जळाले तेव्हा हजारो नागरिक गेले, बायकामुलांसकट. हजारो फुटांवरून त्या मुलांना खाली उजेड तेवढा दिसे. घाडग्यांना चेहरे दिसले. गंमत अशी की आपल्याला चेहऱ्याजवळचे मारणे क्रूर वाटते आणि उंचावरचे नुसते युद्ध वाटते. मेलेल्याच्या बाजूने पाहिले तर हा फरक कुठे उरतो?

घाडग्यांचे नाव इटलीत कासिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ च्या जुलैत, जिथे ही लढाई झाली त्या भागातील मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले गेले. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे शब्द त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहेत. इटली तेव्हा दोन्ही बाजूंनी तुडवली गेली होती. तिथल्या लोकांना हे शब्द सुचले यात नवल नाही.

त्या मुलीचे वडील पलटणीतून निवृत्त झालेले. दहावीनंतर तिचा दाखला न्यायला ते आले तेव्हा मी मुद्दाम बसवून घेतले, चहा मागवला. बर्फातल्या चौक्या, गोठलेले डाळीचे डबे, वर्षातून एकदा मिळणारी सुट्टी, पुष्कळ बोलले. मग मी म्हणालो, ‘तुमच्या मुलीने एकदा वर्गात मला गप्प केले होते.’ कशावरून ते सांगितले.

ते कपाकडे बघत राहिले. ‘घरीपण विचारली की ओ सर तिनं. मी जेवायला बसलो होतो.’

‘मग?’

‘मग काय. उठलो, हात धुतला.’

दाखल्यावर सही घेऊन ते गेले. चहा अर्धाच प्यायला होता.