मुंजाचे वय

मृत्यूनंतर वाढ नाही, हे भुताच्या कल्पनेतच गृहीत असते. त्यामुळे लहानग्या भुताने मोठे व्हावे आणि स्वतःचा स्वीकार करावा, ही अलीकडच्या बालसाहित्यात रुळलेली कल्पना सकृद्दर्शनी विसंगत वाटते. मराठी लोकमानसाने मात्र हा प्रश्न मुंजाच्या रूपाने पूर्वीच उभा केला आहे, आणि तेथील उत्तर आजच्या गोड उत्तराहून बरेच कठोर आहे.

मुंज झाली, परंतु सोडमुंजीपूर्वी मरण आले, असा मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. म्हणजे त्याला भूत करते ते त्याचे कोवळे वय नव्हे, अर्धा राहिलेला विधी होय. संक्रमणविधींची मीमांसा करताना आर्नोल्ड व्हॅन गेनेप याने १९०९ मध्ये विलग होणे, उंबरठ्यावर असणे आणि पुन्हा समूहात सामावले जाणे असे तीन टप्पे मानले. मुंजा मधल्या टप्प्यावर खिळला आहे. मातृभोजनात आईच्या पानावर तो अखेरचा जेवला. गृहस्थाचे पान त्याच्यासाठी कधी मांडलेच गेले नाही.

सोडमुंजीतील एक गमतीचा मानला जाणारा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. बटू काशीला जावयास निघतो. मामा त्याला अडवतो, आपली मुलगी देण्याचे आश्वासन देतो आणि माघारी आणतो. हसण्याखिदळण्यात हे सारे उरकते. (मामाला मुलगी आहे की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही.) परंतु त्यातला आशय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोठे होणे ही एकट्याची कमाई नसून कोणीतरी हाक मारून परत आणावे लागते, असे हा विधी सुचवतो. मुंजा म्हणजे काशीला निघालेला आणि कोणीही न अडवलेला मुलगा.

अशा मुलाला ‘तू आहेस तसा स्वतःला स्वीकार’ असे सांगणे कितपत नैतिक आहे? वरवर पाहता या उपदेशात करुणा आहे. वस्तुतः त्याने मोकळा होतो तो उपदेशक. जिवंतांनी द्यावयाचे राहिलेले देणे मृताच्या मनःस्थितीचा प्रश्न बनते.

हा प्रश्न भुतांपुरता नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर येथे राज कपूर यांची शेतजमीन असलेल्या राजबागेत आज विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी वसतिगृहांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारी मुले घरची राहिलेली नसतात आणि गावाचीही झालेली नसतात. एका जागी न ठरणाऱ्याला आपल्या भाषेत ‘बारा पिंपळांवरचा मुंजा’ म्हणतात. या शब्दप्रयोगात दोष भटकणाऱ्याच्या पदरात टाकलेला आहे. अकरा पिंपळांवरून त्याला कोणी उठवले, हे विचारलेले नाही.

आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ या २०२४ च्या हिंदी चित्रपटातही हीच वाटणी दिसते. वयाने मोठ्या मुन्नीवर मन जडलेला गोट्या मुंजीनंतर मरतो आणि त्याच घराण्यातील पुढच्या काळातल्या भित्र्या बिट्टूच्या मानगुटीवर बसतो. भीतीवर मात करून मोठे होण्याची संधी बिट्टूला मिळते. गोट्याच्या वाट्याला केवळ हट्ट उरतो. चित्रपट रंजक आहे, याबद्दल तक्रार नाही. परंतु एकाचे वयात येणे दुसऱ्याच्या कायमच्या बालपणावर उभे केले आहे, हे त्याला खटकत नाही.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो मला गंभीर वाटतो. विधी पुरा झाल्याखेरीज माणूस पुरा होत नाही असे मानले, तर ज्यांना तो विधीच नाकारला गेला त्यांचे काय? मुंज हा मुख्यतः उच्चवर्णीय मुलग्यांचा संस्कार. परकरातली मुलगी वारली तर ती मुंजा होत नाही. स्त्रीला अलवंतीण व्हावयाचे तर आधी बाळंतपणात मरावे लागते. भुतांच्या या जगातही अपुरेपणाची नोंद जातीने आणि लिंगाने ठरते. म्हणून ‘सोडमुंज लावा’ हे उत्तर आत्मस्वीकाराच्या उपदेशाइतकेच तोकडे आहे. मुंजाचे मागणे विधीचे नसावे. विधीच्या आडून जी हाक मारली जाते, तिचे असावे.

आपल्याकडे पिंपळाची मुंज लावण्याची रूढी आहे. पुण्यप्राप्ती हे तिचे सांगितले जाणारे कारण. तरी तिच्याकडे दुसऱ्या नजरेने पाहता येते. ज्या झाडावर तो मुलगा राहतो असे लोक मानतात, त्याच झाडाभोवती मंडळी जमतात, मंगलाष्टके म्हणतात, जेवतात. त्याचे वय यामुळे एका वर्षानेही वाढत नाही. पण त्या दिवशी पारावर पाने मांडलेली असतात.