वाचवावे आणि सोडावे

म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात सशाची एक लीळा आहे. मागे शिकारी आणि कुत्री लागलेला ससा धावत आला आणि चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली लपला. शिकाऱ्यांनी तो मागितला. शरण आलेल्याला स्वामी देईनात; उलट शिकाऱ्यांचीच त्यांनी समजूत घातली. ते निघून गेल्यावर स्वामींनी गुडघा उचलला आणि सशाला जायला सांगितले.

स्वामींनी ससा वाचवला, हे आपण लक्षात ठेवतो. गुडघा उचलला, हे विसरतो. मुलांना शिकवायची भूतदया मात्र त्या विसरलेल्या भागातच जास्त आहे.

उन्हाळ्यात बुलबुल, दयाळ यांची पिल्ले घरट्याबाहेर पडतात. अंगावर पिसे आलेली असतात, शेपूट आखूड असते, उडणे धड जमत नसते. असे पिल्लू दिसले की मुले ते उचलून घरी आणतात. बुटांच्या खोक्यात कापसाची गादी होते, ड्रॉपरने दूध पाजले जाते. हेतू निर्मळ असतो, पण दूध पाखरांना पचत नाही आणि चोचीत सोडलेला थेंब श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरू शकते. शिवाय ते बहुधा पोरके नसतेच. आईबाप जवळच्या फांदीवर चोचीत किडा धरून माणसे हलण्याची वाट पाहत असतात.

अशा वेळी मुलाला सांगावे : पिल्लाला जवळच्या झुडपात ठेव, मांजराला घरात घे आणि लांबून बघत बस. पिसेच न फुटलेले पिल्लू पडले असेल तर त्याला अलगद घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही. पाखरू जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

पिंजऱ्यातला पोपटही प्रेमापोटीच पाळलेला असतो. पण आपल्याकडचे रानपोपट घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. त्या प्रेमात पोपटाच्या वाट्याला आकाश येत नाही, एवढे तरी मुलाला समजू द्यावे.

जीव आवडायला मुलांना शिकवावे लागत नाही. ती आवड त्यांना उपजतच असते. आवडलेला जीव आपला करून न घेणे, हे मात्र शिकवावे लागते आणि ते मोठ्यांकडे बघूनच येते.

आज बाल्कनीत एक उथळ भांडे ठेवा. लहान पाखरांना टेकता यावे म्हणून त्यात एखादा दगड घाला. डास होऊ नयेत यासाठी ते रोज घासून ताजे पाणी भरण्याचे काम घरातल्या लहानग्याकडे द्या. आणि पाखरू पाण्यावर आले की लहानग्याबरोबर तुम्हीही दोन पावले मागे सरा.