पाणी कावेरीचं की बोअरचं?

बंगळुरूत भाड्याचं घर पाहायला गेलेला नवखा माणूस आधी बाल्कनीत जातो, मग स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघतो. तिथे मुरलेला माणूस दारातच विचारतो, 'पाणी कावेरीचं की बोअरचं?' कडेवर नऊ महिन्यांचं बाळ असेल, तर बाल्कनीच्या आधी हाच प्रश्न विचारावा लागतो. बाळाची पेज, बाटल्या, आंघोळ, दिवसाकाठी धुवायची डझनभर दुपटी, सगळं या एका उत्तरावर अवलंबून असतं.

पुण्यातलं एक जोडपं डोळ्यांसमोर आणावं. दोघांपैकी एकाला बंगळुरूत नोकरी मिळाली आहे, होकार कळवायला महिनाभराची मुदत आहे. घरी ठरतं, 'आधी बघून येऊ.' हा शब्दप्रयोग आपल्या कानाला फार ओळखीचा आहे, कारण शहर बघायला जाणं हा बराचसा कांदेपोह्यांचाच कार्यक्रम असतो. शहर ठेवणीतलं नेसून समोर येतं, पाहुणेही जरा सावरून बसतात. या बैठकीत रीतभात न पाळणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे बाळ. त्याला प्रेक्षणीय स्थळं नसतात. त्याला भूक, झोप आणि ओला लंगोट एवढंच कळतं, आणि या तिन्ही गोष्टी शहराच्या सोयीने होत नाहीत.

म्हणून बाळासोबतची तीन दिवसांची फेरी एकट्याने केलेल्या तीन फेऱ्यांपेक्षा जास्त सांगून जाते. फक्त ती सहलीसारखी आखली, तर काहीच सांगत नाही.

पहिली परीक्षा पायाखाली असते. हॉटेलातून बाबागाडी बाहेर काढली की दहा पावलांत कळतं, फुटपाथ नावाची वस्तू या भागात आहे की नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेच्या दगडाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. बंगळुरूत हे कागदावरचं माप प्रत्यक्षात आलेले रस्ते आहेत. 'टेंडर शुअर' योजनेत रेसिडेन्सी रोड, सेंट मार्क्स रोड, विठ्ठल मल्ल्या रोड असे मध्यवर्ती रस्ते नव्याने बांधले गेले. पाण्याच्या, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि केबल आखणी करून जमिनीखाली घातल्या आणि वर रुंद, सलग फुटपाथ दिला. तिथे बाबागाडी एका हाताने ढकलता येते. पण हे रस्ते शहराच्या मधोमध आहेत आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबाला परवडणारं घर बहुधा तिथे नसतं. ज्या उपनगरात ते असतं, तिथे फुटपाथवर ट्रान्स्फॉर्मर, उखडलेली फरशी आणि उभ्या केलेल्या स्कूटर भेटतात. बाबा गाडी उचलतो, आई बाळ उचलते, आणि मोर्चा रस्त्यावर उतरतो.

लहान मुलांच्या नजरेतून शहर पाहण्याचा विचार आता नवा राहिलेला नाही. नेदरलँड्समधल्या व्हॅन लिअर फाउंडेशनने त्यासाठी 'अर्बन 95' हा उपक्रम सुरू केला. 95 सेंटिमीटर म्हणजे निरोगी तीन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची. एवढ्या उंचीवरून शहर कसं दिसतं, हा त्यामागचा प्रश्न. पुणे या उपक्रमात सहभागी झालेलं शहर आहे. बाबागाडीत बसलेलं मूल तर त्याहूनही खाली असतं, गाड्यांच्या धुरांड्यांच्या पातळीला. सिग्नलला उभं राहिल्यावर आईबाप हॉर्नला वैतागतात. बाळ त्या वेळी वेगळ्याच थरातली हवा घेत असतं.

आणि मग मल्लेश्वरमची जुनी वस्ती येते. पुणेकरांनी 1897 चा प्लेग तेव्हाचा प्लेग कमिशनर रँड याच्या नावाने लक्षात ठेवला. पुढच्याच वर्षी तो बंगळुरूत पोहोचला आणि तिथल्या दाट पेठांतून माणसांना मोकळ्या हवेत हलवण्याची निकड भासली. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहतींच्या वाढीला तेव्हा वेग आला. सरळ रस्ते, झाडं, घरांच्या मागून सफाईसाठी ठेवलेल्या अरुंद गल्ल्या. रोगराईच्या भीतीतून आखलेल्या या वस्त्या सव्वाशे वर्षांनंतर तान्ह्या मुलांच्या आईबापांना हव्याशा वाटतात, यात नवल नाही. सकाळी आठव्या क्रॉसच्या बाजारात फुलांचे गजरे मापून दिले जात असतात, आजोबा नातवंडांना घेऊन फिरत असतात, आणि भाजी, औषधं, दवाखाना सारं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. इथल्या काडु मल्लेश्वर देवळाला 1669 मध्ये गाव इनाम दिलं ते शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी. 1638 मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. 1640 च्या सुमारास जिजाबाई बाल शिवाजींना घेऊन इथे येऊन राहिल्या आणि पुढे पुण्याला परतल्या. पुणे-बंगळुरू ही ये-जा आयटीवाल्यांनी सुरू केलेली नाही.

बागांच्या बाबतीत बंगळुरू उजवं ठरतं, हे पुणेकरालाही मान्य करावं लागेल. हैदर अलीने 1760 मध्ये सुरू केलेलं लालबाग सुमारे 240 एकरांचं आहे. 1870 मध्ये उभारलेल्या कब्बन पार्कात बालभवनाची छोटी झुकझुक गाडी आहे, तिचं नाव 'पुटाणी एक्स्प्रेस'. पुटाणी म्हणजे चिमुकलं. पण रविवारी सकाळी, वाहनांना बंद केलेल्या कब्बन पार्कात गवतावर रांगणारं बाळ पाहून घराचा निर्णय घेऊ नये. रविवार आठवड्यातून एकदाच येतो आणि परवडणारं घर पार्कापासून वीस किलोमीटरवर असतं.

आता पाणी. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, पठाराच्या माथ्यावर वसलं आहे. जवळून वाहणारी मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून टप्प्याटप्प्याने पंप करत जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवावं लागतं. नळ उघडल्यावर पडणाऱ्या प्रत्येक बादलीमागे ही चढण असते. शहर पसरत गेलं तसं कडेच्या भागांना हे पाणी पोहोचलं नाही आणि तिथल्या इमारती बोअरवर आणि टँकरवर जगू लागल्या. 2024 च्या उन्हाळ्यात हिशेब चुकला. शहरातल्या सुमारे 14 हजार सरकारी बोअरपैकी 6900 कोरड्या पडल्याचं मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्या मार्चमध्ये सांगितलं. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला 5000 रुपये दंड लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तो दिवसाला 77.5 कोटी लिटरचा आणि मुख्यतः शहरात सामावून घेतलेल्या 110 गावांसाठी. योजना आली म्हणजे प्रत्येक इमारतीत जोडणी आली, असं नव्हे. दारातला तो प्रश्न म्हणूनच टिकून आहे.

बाळाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. घरात सांगितलं जातं, 'पाणी उकळून घेतलं की झालं.' उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात दुधाची पावडर कालवली, तर अगदी लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. बोअरचं पाणी असेल तर त्याचा तपासणी अहवाल मागावा. इमारतीच्या असोसिएशनकडे तो नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

यात वेळेचा मुद्दा येतो. बहुतेक कुटुंबं डिसेंबरात जातात. सुट्ट्या असतात, हवा गोड असते, दुपारीही पंखा लागत नाही, लालबागेतल्या जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनाची तयारी चाललेली असते. डिसेंबर म्हणजे या शहराचे कांदेपोहे. एप्रिलमध्ये पाण्याचं खरं रूप दिसतं आणि सप्टेंबरमध्ये पावसाचं. सप्टेंबर 2022 मध्ये आउटर रिंग रोडच्या परिसरात एवढं पाणी भरलं होतं, की आलिशान वसाहतींमधली माणसं ट्रॅक्टरवर बसून आणि होड्यांतून बाहेर पडली. फेरी एकच जमणार असेल, तर ती वाईट महिन्यात करावी.

मग अंतर. नकाशावर ते किलोमीटरमध्ये असतं, बाळाच्या आईला ते दुधाच्या वेळांमध्ये मोजावं लागतं. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 12 आठवड्यांवरून 26 केली. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. कागदावर प्रश्न सुटला. व्यवहारात तो असा उरतो: पाळणाघर ऑफिसजवळ असेल, तर बाळ रोज दोन वेळा आउटर रिंग रोडच्या गर्दीत सापडणार, घराजवळ असेल, तर 'बाळाला ताप आहे' असा फोन आल्यावर आईबाप दीड तास लांब असणार. मेट्रोची पर्पल लाइन ऑक्टोबर 2023 मध्ये व्हाइटफील्डपर्यंत सलग झाली, ऑगस्ट 2025 मध्ये यलो लाइन इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे बोम्मसंद्रपर्यंत धावू लागली. त्यामुळे मेट्रोच्या खांबांना धरून घर शोधण्यात शहाणपण आलं आहे. तरी एक प्रयोग टाळू नये. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी सहाला भावी ऑफिसच्या दारातून निघावं आणि भावी घराच्या दारापर्यंत जावं, बाळाला सोबत घेऊन. दुपारी दोनला कॅबने केलेल्या प्रवासाचा या कामी काही उपयोग नाही.

इतक्या तपासण्यांत एक गोष्ट हमखास चकवते. बाळासोबत गेलं की शहर प्रेमळ होतं. हॉटेलातला वेटर 'पापू, पापू' करत चमचा वाजवून दाखवतो. दुकानातली अज्जी बाळाचे गाल कुरवाळत 'पुट्टी' म्हणते आणि 'ऊटा आयता?', म्हणजे जेवण झालं का, असं आईला विचारते. शब्द कळत नाहीत, पण चौकशी कळते. बाळ मऊभाताला तोंड फिरवत असेल, तर ती नाचणीची खीर सुचवते. नाचणीला इथे रागी म्हणतात आणि कर्नाटकातली पिढ्यान्‌पिढ्यांची बाळं त्यावर वाढली आहेत. नाचणीसत्त्वावर पोसलेल्या मराठी आईला तिथे एकदम घरच्यासारखं वाटतं. हा जिव्हाळा खोटा नसतो. पण तो पाहुण्याला मिळालेला असतो. आईबाप दोघंही फणफणलेले असताना रात्री दोन वाजता बाळाला कोण घेणार, याचं उत्तर त्यात नसतं. पुण्यात ते उत्तर बहुधा दोन रिक्षा-स्टँड पलीकडे राहत असतं आणि त्याला आजी म्हणतात. स्थलांतराच्या हिशेबात पगारवाढ, भाडं, डिपॉझिट असे रकाने असतात; आजीचा रकाना कोणी आखत नाही, कारण तिची किंमत आजवर कोणी दिलेली नसते. म्हणून फेरीतला अर्धा दिवस घरांऐवजी माणसं पाहण्यात घालवावा. ज्या इमारतीत घर पसंत पडलं, तिथल्या दुसऱ्या एखाद्या लहान मुलाच्या आईशी जिन्यात दहा मिनिटं बोलावं. ब्रोकर सांगणार नाही ते ती सांगते.

हे सगळं बघून येण्याची चैन ज्यांना मिळत नाही, अशी कुटुंबं याच शहराच्या टॉवरांखाली राहत असतात. रायचूर-कलबुर्गीकडून आलेली, पत्र्याच्या खोल्यांत. आपल्याकडे बीडचे ऊसतोड कामगार तान्ही मुलं घेऊन फडावर जातात, तसंच हे. तिथलं पाणी कसलं, हे ती माणसं आल्यावरच पाहतात. बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्याने 50 हून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीतल्या एका बांधकामावर सुरू केलेलं 'मोबाइल क्रेशेस' या संस्थेचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. ज्या टॉवरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट पुण्याचं जोडपं बघून जातं, त्याच्या पायात कुणाचं तरी बाळ साडीच्या झोळीत झोपलेलं असू शकतं.

फेरीचा निकाल आणखी एका कारणाने कच्चाच राहतो. नऊ महिन्यांचं बाळ परीक्षा घेऊन येतं आणि सामान हलवेपर्यंत ते चालायला लागलेलं असतं. तेव्हा बाबागाडीचा रस्ता मागे पडतो आणि जिन्याचं फाटक, गच्चीचा कठडा, खेळायला अंगण हे प्रश्न पुढे येतात. दोन वर्षांनी शाळा, आणि शाळेत कन्नड. पहिल्या फेरीत या सगळ्याची उत्तरं मिळणार नाहीत. पहिल्या फेरीतून एखादी वस्ती पसंत पडली आणि दोन नापसंत झाल्या, तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले असं समजावं.

बंगळुरूत डिपॉझिट कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढं मागतात. दहा महिन्यांची प्रथा बरीच जुनी आहे. तेव्हा टोकन देण्याआधी, ब्रोकर खाली गाडी काढायला गेला की फाटकावरच्या वॉचमनला विचारून घ्यावं, गेल्या एप्रिलमध्ये दिवसाला किती टँकर आले होते.