वेशीबाहेरचा जॉन मन्च
दोन मालिकांमधली माणसं एकाच भागात भेटली की प्रेक्षक खूश होतात आणि टीआरपी वाढतो. आपल्याकडचे महासंगम पाहणाऱ्यांना हे गणित पाठ आहे. पण १९९०च्या दशकात अमेरिकन टीव्हीने याच युक्तीतून कितीतरी मोठं काही साधलं, असं मला मनापासून वाटतं.

३ नोव्हेंबर १९९४. एनबीसीवरच्या ‘मॅड अबाउट यू’मध्ये जेमी फुकटच्या केबलसाठी खटपट करते आणि न्यूयॉर्कची वीज जाते. त्याच रात्री ‘फ्रेंड्स’मध्ये चँडलर एटीएमच्या दालनात अडकतो, तो याच अंधारात. कोणी कोणाला भेटत नाही, तरी दोन्ही मालिकांमधली माणसं एकाच शहरात राहतात हे पटतं.

जुलमाने घडवलेली भेट मात्र लगेच कळते. १९९५मध्ये ‘द क्रिटिक’चा नायक ‘सिम्पसन्स’मध्ये आणला गेला, तेव्हा निर्माते मॅट ग्रोनिंग यांनी त्या भागावरून स्वतःचं नाव काढून घेतलं. त्यांना ती जाहिरात वाटली. त्यांचा हा बाणेदारपणा मला आवडतो.

आणि मग जॉन मन्च. रिचर्ड बेल्झर यांनी रंगवलेला ‘होमिसाइड’मधला बाल्टिमोरचा डिटेक्टिव्ह; हडकुळा, तिरकस, सरकारी खुलाशांवर काडीचाही विश्वास नसलेला. १९९६पासून ‘होमिसाइड’ आणि ‘लॉ अँड ऑर्डर’ यांनी तीनदा एकच गुन्हा वाटून घेतला: तपास एका मालिकेत सुरू व्हायचा आणि दुसरीत संपायचा. पण १९९७मध्ये मन्च चक्क फॉक्सच्या ‘एक्स-फाइल्स’मध्ये दिसला. वाहिनी दुसरी, मालिकेची जातकुळीही वेगळी. कथा १९८९च्या बाल्टिमोरमधली; पकडून आणलेला बायर्स नावाचा माणूस सरकारी कटाची हकिकत सांगतो आणि समोर बसलेला मन्च अविश्वासाने ऐकतो. परग्रहवासीयांच्या मालिकेतही हा माणूस तसूभर बदलत नाही. बाल्टिमोरमध्ये गुन्हा घडलाय, मग तपासाला तोच येणार! पात्र इतकं पक्कं घडलेलं असेल तरच त्याला असं कुठेही पाठवता येतं. नुसत्या पाहुण्या कलाकाराला हे जमत नाही.

१९९९मध्ये ‘होमिसाइड’ बंद पडली. एरवी मालिकेबरोबर पात्रही संपतं. मन्च त्याच वर्षी न्यूयॉर्कला ‘लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’मध्ये रुजू झाला, आपल्या जुन्या संशयांसकट, आणि २०१३पर्यंत तिथे टिकला.