खंड्याची पाठ

कवडीला मुळामुठेच्या काठी तारेवर बसणारा खंड्या मी गेली तीन वर्षं रंगवतोय. डोकं-पोट चॉकलेटी, गळ्याखाली पांढरा रुमाल बांधल्यासारखा, चोच लालभडक. एवढं जमतं. घोडं अडतं ते पाठीच्या निळ्यापाशी. सेरूलियन लावून झाला, कोबाल्ट झाला, दोन्हींत थेंबभर हिरवा टाकून झाला. उमटतो तो ऑइलपेंट दिलेल्या दाराचा निळा.

कारण उशिरा कळलं. खंड्याच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या तंतूंत केराटिनचं स्पंजासारखं जाळं असतं आणि त्यात हवेची अतिसूक्ष्म छिद्रं. त्या छिद्रांच्या मांडणीचा निळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीशी, म्हणजे साधारण 450 ते 490 नॅनोमीटरशी, असा मेळ बसतो की तेवढा निळाच जोरकसपणे परत फिरतो. उरलेला उजेड खालचं काळसर मेलॅनिन गिळतं. देवघरातलं मोरपीस खिडकीसमोर धरून पाहा. उजेड मागून आला की निळा-हिरवा जातो, मातकट तपकिरी उरतो. (मोराची रचना वेगळी आहे, पण गोम तीच.) पोपट तर चित्रकारच म्हणायचा, असल्या निळ्या उजेडावर पिवळं रंगद्रव्य चढवून तो हिरवा होतो.

म्हणजे नळीतून मी जे पिळत होतो, ते पक्ष्याकडे नव्हतंच. पोस्टर कलर तेव्हाच सोडला, कारण तो कागद झाकून टाकतो. जलरंगाचा थर पातळ असला तर उजेड त्यातून आत शिरतो, कागदाच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो आणि येताना निळा होऊन येतो. खंड्याला निळ्याखाली काळोख लागतो, मला कोरा कागद. पण शेजार दोघांनाही तोच लागतो. बर्न्ट सायनाचं पोट आधी रंगवून वाळू दिलं की बाजूचा फिकट निळाही झगझगतो.

आता पाठीला दोनच हात देतो, तेही पाण्यासारखे. जिथे ऊन थेट पडलेलं असतं तिथे ब्रश फिरवतच नाही. परवा आई चित्र हातात घेऊन बराच वेळ बघत होती. म्हणाली, "छान आलंय रे. पाठीवर रंग द्यायचा राहिलाय वाटतं?"