दुभत्या गाईच्या लाथा

'दुभत्या गाईच्या लाथा गोड' ही म्हण आपल्या घराघरांत इतकी रुळलेली आहे, की तिचा अर्थ विचारण्याची वेळ कुणावर येत नाही. हिंदीतही ती आहे. 'दुधारू गाय की लात सहनी पड़ती है', असे तिकडे म्हणतात. हिंदीत लाथ सोसावी लागते. मराठीत मात्र ती गोडच होऊन जाते, एवढाच काय तो फरक. व्यवहार एकच, दूध हवे असेल तर लाथेची तक्रार करू नये. गोठ्यात धार काढायला बसणाऱ्याला हे पटते, कारण लाथही त्यालाच बसते आणि दूधही त्याच्याच घरात जाते. तोटा किती नि लाभ किती, हे त्याचे त्याने ठरवावे. पण लाथ एकाला बसली आणि दूध दुसऱ्यांनी प्यायले, तर ती लाथ गोड आहे असे म्हणण्याचा अधिकार कुणाला? याविषयी म्हण काहीच बोलत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील एक उदाहरण फार उपयोगी पडते. ते एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे आणि त्याच्या १९९५ सालच्या हंगामाचे आहे.

अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का नावाचे मक्याचे आणि गुराढोरांचे राज्य आहे. लिंकन ही त्याची राजधानी, आणि राज्याचे विद्यापीठही तेथेच. फुटबॉलचा मोठा व्यावसायिक संघ त्या राज्यात नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या पोरांचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ होऊन बसला आहे. 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे, असे त्याचे नाव. १९६२ सालापासून लिंकनमधील या संघाच्या एकाही सामन्याची तिकिटे शिल्लक राहिलेली नाहीत. शनिवारी सामना असला की सत्तर हजारांहून अधिक माणसे लाल कपडे घालून मैदानात येऊन बसतात.

हा फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा. अंडाकृती चेंडू हातात धरून, समोरच्या अकरा धिप्पाड गड्यांना चुकवत किंवा धडक देत, तो त्यांच्या हद्दीच्या टोकाशी पोचवायचा. पोचला की सहा गुण, आणि वर एक-दोन गुण मिळवण्याची संधी. एखाद्या संघाने सामन्यात तीस गुण केले तर चांगले केले असे समजतात. १९९५ च्या हंगामात नेब्रास्काच्या संघाने बारा सामन्यांत ६३८ गुण केले, म्हणजे सामन्यामागे सरासरी ५३. प्रतिपक्षांना मिळून १७४ गुण करता आले. बाराच्या बारा सामने त्यांनी जिंकले, आणि चौदा गुणांहून कमी फरकाने एकही नाही. २ जानेवारी १९९६ रोजी ॲरिझोनात 'फिएस्टा बोल' हा अखेरचा सामना झाला. समोर फ्लोरिडाचा संघ, तोही तोवर अपराजित. नेब्रास्काने तो ६२-२४ असा लोळवला. टॉमी फ्रेझियर हा त्यांचा सूत्रधार खेळाडू सात-आठ जणांच्या मिठ्या झटकून पंचाहत्तर यार्ड धावत गेला, ती धाव आजही दाखवली जाते. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत बलाढ्य संघ कोणता, अशी चर्चा निघाली की या संघाचे नाव पहिल्या दोन-तीनांत हमखास येते.

त्याच हंगामात एक गोष्ट घडली. संघात लॉरेन्स फिलिप्स नावाचा वीस वर्षांचा खेळाडू होता. चेंडू घेऊन धावण्यात देशातील मोजक्या पाचसहा जणांत त्याची गणना होई. लहानपणी घर सुटलेला, कॅलिफोर्नियात अनाथ व उनाड मुलांच्या वसतिगृहात वाढलेला. ९ सप्टेंबरला मिशिगन स्टेटविरुद्ध तो दोनशेहून अधिक यार्ड धावला आणि त्याने चार वेळा चेंडू हद्दीपार नेला. त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास, तो संघातील दुसऱ्या एका खेळाडूच्या घरात शिरला. तेथे त्याची पूर्वीची मैत्रीण होती. तीही त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी आणि तेथल्या बास्केटबॉल संघातील खेळाडू. तिला त्याने मारहाण केली आणि जिन्यावरून फरफटत खाली आणले. त्याला अटक झाली. पुढे खटल्यात त्याने आरोपांना आव्हान दिले नाही, आणि देखरेखीच्या अटीवर न्यायालयाने त्याला मोकळे ठेवले.

संघाचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी प्रथम त्याला काढून टाकल्याचे सांगितले. नंतर हकालपट्टीचे निलंबन झाले. सहा सामने तो बाहेर होता. नोव्हेंबरच्या आरंभी, मानसोपचाराच्या आणि इतर काही अटींवर, तो पुन्हा मैदानात उतरला. अखेरच्या सामन्यात त्याने १६५ यार्डांची धाव घेतली आणि तीन वेळा चेंडू हद्दीपार नेला.

इतके वाचून ऑस्बोर्न म्हणजे विजयाला हपापलेला कुणी धूर्त माणूस असावा, असे वाटेल. तसे समजणे अन्यायाचे होईल. हे गृहस्थ शिक्षण-मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेले, धार्मिक वृत्तीचे आणि मितभाषी. त्यांच्या स्वभावाचा पुरावा १९८४ सालच्या जानेवारीत सगळ्या देशाने पाहिला होता. मायामीविरुद्धच्या सामन्यात शेवटचे मिनिटही उरले नव्हते आणि त्यांचा संघ ३१-३० असा एका गुणाने मागे होता. साधी लाथ मारून एक गुण घेतला असता तर सामना बरोबरीत सुटला असता, आणि वर्षभर अपराजित राहिलेल्या त्यांच्या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद जवळजवळ निश्चित मिळाले असते. बरोबरीने मिळणारे अजिंक्यपद ऑस्बोर्न यांना घ्यावेसे वाटले नाही. त्यांनी दोन गुणांसाठी डाव टाकला, तो फसला, आणि सामना गेला. पहिल्या अजिंक्यपदासाठी त्यांना आणखी अकरा वर्षे थांबावे लागले. असा माणूस एका खेळाडूसाठी तत्त्व विकील, हे सहज मानता येत नाही.

त्यांचे म्हणणे असे होते, की या मुलाच्या आयुष्याला आकार देणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फुटबॉल. तीच काढून घेतली तर त्याला धरून ठेवायला काही उरणार नाही. मग उपचार कोण घेईल आणि कुणाचे ऐकेल? या युक्तिवादात वजन आहे. पोटच्या पोराने गुन्हा केला म्हणून त्याला दाराबाहेर काढणारा बाप समाजात ताठ मानेने फिरतो, पण पोर वाया जाते ते जातेच. बिघडलेल्या माणसाला हाकलून देणे हे पुष्कळदा आपले हात स्वच्छ ठेवण्याचे साधन असते. ऑस्बोर्न यांनी ते साधन वापरले नाही, याबद्दल त्यांना मान दिला पाहिजे.

त्यांचे समर्थक आणखी एक मुद्दा मांडतात. फिलिप्स नसताना झालेले सहाही सामने नेब्रास्काने आरामात जिंकले होते. मिझूरीला ५७-०, कोलोरॅडोसारख्या तगड्या संघाला ४४-२१. त्याच्या जागी आलेला पहिल्या वर्षाचा अमान ग्रीन तोडीस तोड धावत होता. मग ऑस्बोर्न यांना त्याची गरज होती कुठे? गरज नसताना परत घेतले, म्हणजे ते त्याच्या भल्यासाठीच घेतले.

हा मुद्दा आपण पूर्णपणे मान्य करू. ऑस्बोर्न यांचा हेतू गंगाजळाइतका शुद्ध होता असेही धरून चालू. तरी प्रश्न सुटतो का?

शिक्षा, आधार आणि क्षमा या तीन गोष्टी आपण बोलताना नेहमी एकीत एक मिसळतो. शिक्षा देणे किंवा कमी करणे हे न्यायालयाचे आणि संस्थेचे काम. आधार कुणीही कुणाला देऊ शकतो, अपराध्यालाही द्यावा. पण क्षमा मात्र ज्याला घाव बसला त्याच्याच मालकीची असते. ती दुसऱ्या कुणी परस्पर वाटून टाकता येत नाही. शेजाऱ्याचे बुडालेले कर्ज मी माफ करू लागलो, तर लोक मला उदार म्हणणार नाहीत, हसतील.

लिंकनमध्ये आधार देण्याचे काम सहा आठवडे नीट चालू होते. मुलगा विद्यापीठात होता, उपचार सुरू होते, संघाशी त्याचे नाते पुरते तुटलेले नव्हते. त्यात कुणाला नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. शनिवारी सत्तर हजार लोकांच्या टाळ्यांत त्याच्या हाती पुन्हा चेंडू देणे, ही मात्र वेगळी गोष्ट होती. त्याचा अर्थ उघड होता, की झाले गेले आता मिटले. पण हे मिटवले कुणी? प्रशिक्षकाने, विद्यापीठाने, आणि स्वागत करणाऱ्या प्रेक्षकांनी. यांपैकी जिन्यावरून फरफटत कुणीही आलेले नव्हते. आणि त्याच्या पायांतून जे दूध निघत होते, ते मात्र या सर्वांच्या चरव्यांत पडत होते.

ती मुलगीही त्याच विद्यापीठाची होती. तिलाही तेथेच वर्गात बसायचे होते, तेथेच खेळायचे होते. तिच्या मनात काय चालले होते हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण तिचे पालकत्वही त्याच संस्थेकडे होते, एवढे तरी आपण म्हणू शकतो. मुलाला काय हवे, त्याला काय सोसेल, याचा विचार मोठ्या आस्थेने झाला. तो विचार त्या मुलीच्या बाजूने त्याच आस्थेने झाला असता, तर चेंडूपुरते तरी उत्तर वेगळे आले असते, असे मला वाटते.

येथेच संघाच्या बलाढ्यपणाला महत्त्व येते. दुबळ्या संघाने म्हटले असते, की हा नसेल तर आम्ही बुडू. ते समर्थन नव्हे, पण निदान अडचण तरी असते. नेब्रास्काला ती अडचणही नव्हती. एवढ्या श्रीमंतीत एका घागरीवर पाणी सोडणे त्यांना सहज शक्य होते. उपचार चालू ठेवा, शिष्यवृत्ती चालू ठेवा, संघाच्या पंक्तीला त्याला बसवा, पण या वर्षी चेंडू नाही, एवढेच म्हणायचे होते. मग त्या आधाराकडे कुणालाही बोट दाखवता आले नसते, कारण आधार देणाऱ्यांनी त्यातून काही कमावले नसते. अजिंक्यपद बहुधा तरीही मिळाले असते. ज्याच्याजवळ भरपूर आहे त्याच्या दयेची परीक्षा तो देतो किती यावरून होत नाही. देताना स्वतःचे काय सोडतो, यावरून होते.

पुढची कथा दुःखद आहे. १९९६ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत फिलिप्सला सहावा क्रमांक मिळाला. एकामागून एक तीन संघांनी त्याला घेतले आणि सोडले. पुढे हिंसाचाराच्या गुन्ह्यांत, त्यांत एका मैत्रिणीवरील हल्लाही होता, त्याला तीस वर्षांहून अधिक कारावास झाला. तुरुंगातील सोबत्याच्या खुनाचा आरोप त्याच्यावर असतानाच, जानेवारी २०१६ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याने कोठडीत आत्महत्या केली.

या शेवटाकडे बोट दाखवून ऑस्बोर्न चुकले असे म्हणणे सोपे आहे. ते योग्य मात्र नाही. उद्या हाच मुलगा सुधारून सद्गृहस्थ झाला असता, तर १९९५ चा तो निर्णय बरोबर ठरला असता काय? त्या मुलीच्या वाट्याला आले ते तेवढेच राहिले असते. शेवट गोड झाला म्हणून निर्णय न्याय्य होत नाही, आणि शेवट वाईट झाला म्हणून अन्याय्यही होत नाही. तो ज्या दिवशी घेतला त्या दिवशी कुणाच्या खर्चाने घेतला, हे पाहिले पाहिजे. आणि खरे तर त्या शेवटात मुलाचेही कुणी फारसे भले केलेले दिसत नाही. त्या काळी विद्यापीठाच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पैसा मिळत नसे. आपल्या नावावर कमावण्याची मुभा त्यांना २०२१ साली मिळाली. पाय त्याचे, धाव त्याची, आणि तो धावतो तोवरच त्याची काळजी. गाय आटली की गोठ्यात तिला कोण विचारतो?

हे सारे दूरदेशीचे आणि एका अनोळखी खेळाचे वाटेल. पण आपल्या घरांत पाहावे. कमावता मुलगा हात उगारतो तो बायकोवर, आणि 'चालायचेच, सांभाळून घे' असे तिला सांगतात ती त्याच्या पगारावर जेवणारी बाकीची माणसे. सांगणारे वाईट नसतात. सासू स्वतः तेच सोसून आलेली असते, आणि घर मोडू नये ही तिची इच्छा खरी असते. शाळेत शंभर टक्के निकाल लावणारे मास्तर एखाद्या पोराला गुरासारखे बडवतात, तेव्हा समजूत त्या पोराच्या बापाची घातली जाते. हेतू सगळ्यांचेच चांगले असतात. लाथ कुठे बसली, एवढेच कुणी विचारत नाही.

म्हण टाकून देण्याचे कारण नाही. गोठ्यापुरती ती खरी आहे. फक्त पुढच्या वेळी ती कुणाला ऐकवताना त्याच्या अंगावरचा वळ आणि आपल्या हातातला पेला, दोन्हींकडे एकदा पाहून घ्यावे.